टेक्स्टाइल फ्री

बहरीनमधल्या मराठी माणसांत गेली दोन वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. बावतीस परेरा नावाच्या एका गृहस्थाने आपल्या तळेकर नावाच्या भोळ्या मित्राला सपत्नीक युरोपात नेलं आणि नागड्या लोकांच्या किनाऱ्यावर आणून सोडलं, अशी ती गोष्ट. सांगणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे तिच्यात भर पडत जाते. कोणी म्हणतं तळेकर काकू तिथे बेशुद्ध पडल्या, कोणी म्हणतं काकांनी मुक्कामभर डोळ्यांना रुमाल बांधला होता.

तो भोळा तळेकर मी. सुलभा बेशुद्ध पडली नाही. मी रुमाल बांधला नाही. आणि बावतीसने आम्हाला कुठेही नेलं नाही. ते ठिकाण मी शोधलं, मी ठरवलं आणि त्याचे पैसे मी भरले. बावतीसचं नाव त्यात मी घुसडलं. माझं वय आता बाहत्तर आहे, आणि हे असंच सोडून जावं असं मला वाटत नाही. म्हणून जे तिथे गेलेले नाहीत पण ज्यांनी ही गोष्ट चवीने ऐकली आहे, त्यांच्यासाठी त्या प्रवासाची ही खरी हकीकत.

अदलिया

अस्करला अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. त्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब मी तीसेक वर्षं ठेवले. निवृत्त झाल्यावर मुलाच्या व्हिसावर आम्ही दोघं अदलियात त्याच्याकडे राहतो. बहरीनच्या दिनारला दशांशचिन्हापुढे तीन आकडे असतात, एका दिनारचे हजार फिल्स. भारतात लोकांनी पैसे मोजणं केव्हाच सोडलं. मी मात्र आयुष्यभर फिल्स मोजत आलो. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट तीन घरांपर्यंत अचूक चुकवता येते.

बावतीस आणि त्याची बायको फिलोमिना मूळचे वसईचे. तो हॉटेलच्या भांडारात होता, ती नर्स. आता दोघं मुलीकडे जिदहफ्सला असतात. दर शुक्रवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून ते आमच्याकडे जेवायला येत. हा क्रम किती वर्षांचा होता हे मोजायच्या फंदात मी कधी पडलो नाही, कारण तो थांबेल असं वाटलं नव्हतं.

अशाच एका शुक्रवारी सुलभा म्हणाली, "बहरीन म्हणजे दोन समुद्र म्हणे. एवढी वर्षं झाली, मी एकातही घोट्याच्या वर उतरले नाही."

"चल, मी उतरवते," फिलू म्हणाली. "संध्याकाळी जाऊ."

"इथे? बाई गं, सगळं मराठी मंडळ किनाऱ्यावर सतरंज्या टाकून चहा पीत बसलेलं असतं. मी ओली होऊन बाहेर आले की दुसऱ्या दिवशी पुण्यापर्यंत बातमी."

"मग लांब जाऊ. जिथे कोणी ओळखीचं नाही."

"आणि जिथे परवडेल," मी म्हणालो.

ही तीन वाक्यं महत्त्वाची आहेत. सहलीची कल्पना सुलभाची, लांब जायची फिलूची, परवडण्याची माझी. बावतीस त्या वेळी सोलकढी पीत होता.

अंदाजपत्रक करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मुलाच्या कॉम्प्युटरवर मी तक्ता आखला: विमान, व्हिसा, राहणं, खाणं, इतर. तुर्कस्तानपासून पोर्तुगालपर्यंतचे समुद्रकिनारे त्यात भरून पाहिले. प्रत्येक किंमत दिनारमध्ये बघायची, मग रुपयांत गुणायची आणि मग पाणी प्यायला उठायचं, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी क्रोएशियातलं एक रिसॉर्ट सापडलं. समुद्राला लागून लाकडी घरं, सभोवार पाइनची झाडी, आणि भाडं शेजारच्या हॉटेलांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. सप्टेंबर लागला की आणखी कमी.

नाव होतं 'नॅचरिस्ट बीच रिसॉर्ट'.

माझी बाजू मांडतो. तरुणपणी पित्तासाठी मी पुण्याजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस काढले होते. पोटावर मातीची पट्टी, सकाळी दुधीचा रस, संध्याकाळी उकडलेला भोपळा आणि मधल्या वेळात पश्चात्ताप. तिथल्या फलकावर 'सूर्यस्नान' आणि 'वायुस्नान' असे शब्द होते. या रिसॉर्टच्या पानावरही सूर्यस्नान होतं, मोकळी हवा होती, नैसर्गिक जीवन होतं. टाइप करणारा तो टायपिस्ट, तसा नॅचरोपॅथी करणारा तो नॅचरिस्ट. मला यात अडखळण्यासारखं काहीच दिसलं नाही.

खाली सोयींची यादी होती. फ्री वायफाय. फ्री पार्किंग. टेक्स्टाइल-फ्री बीच.

आपण बादलीवर मग फ्री आणि दोन साबणांवर एक फ्री अशा देशातली माणसं. टेक्स्टाइल फ्री म्हणजे चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे मोफत, आणि ते थेट किनाऱ्यावर आणून देणार. फ्री हा शब्द दोनदा आधी आणि एकदा नंतर आला होता, पण परक्या लोकांच्या इंग्रजीत असं व्हायचंच म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. उलट तक्त्यात नवी ओळ घातली, 'टॉवेल : बचत', आणि टॉवेल न्यायचेच नाहीत म्हटल्यावर एक बॅग कमी केली. ती ओळ मी बावतीसला मुद्दाम दाखवली.

त्याने चष्मा पुसून फोटो पाहिले. "तळेकर, यात माणूस नाही रे एकही."

"म्हणजे गर्दी नाही."

"की माणसं दाखवण्यासारखी नाहीत?"

"तुला काय कळतंय त्यात," मी म्हणालो आणि पैसे भरून टाकले. रद्द केल्यास परत न मिळणारे, कारण तेच सर्वांत स्वस्त होते.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टचं पत्र आलं. शेवटची ओळ अशी होती की आपण जसे आहात तसे या. मला गहिवरून आलं. पाहुण्यांशी इतकं साधेपणाने वागणारी हॉटेलं आता राहिली नाहीत, असं मी सुलभाला म्हटल्याचंही आठवतं.

व्हिसाच्या खिडकीवर एक बहरीनी मुलगी होती. तिने आमची कागदपत्रं चाळली, रिसॉर्टच्या पावतीपाशी थांबली आणि काचेपलीकडून आम्हा चौघांकडे बघितलं. सुलभाच्या खांद्यावर शाल होती. फिलूच्या हातात जपमाळ होती.

"बाबा, ये जगह आप को मालूम है?"

"हाँ हाँ. हेल्थ के लिए."

"हेल्थ," ती म्हणाली. "चारों?"

"चारों. फॅमिली."

"माशाल्ला," ती म्हणाली आणि आतल्या सहकाऱ्याला बोलावून आणलं. त्याने पावती वाचली, आमच्याकडे पाहिलं आणि खांदे हलवत घाईने निघून गेला. आपले कागद इतके चोख असलेले पाहून माणसं भारावतात, असा माझा अनुभव होता. व्हिसा मिळाला.

जिदहफ्सचा बाजार

समुद्रात उतरायचं तर कपडे हवेत. फिलूने आम्हाला जिदहफ्सच्या बाजारात नेलं. इथल्या बायका पोहायला घालतात तो पोशाख मनगटापासून घोट्यापर्यंत असतो आणि डोक्याला टोपी. दुकानात मल्याळी विक्रेता होता. त्याने एक काळा-जांभळा पोशाख काउंटरवर पसरला.

"मॅडम, ये बेस्ट. कुछ भी नहीं दिखेगा."

सुलभाने बाही ताणून बघितली. "पाण्यात फुगणार नाही ना?"

"नो फुगना, मॅडम. गॅरंटी."

किमतीवरून मी बराच वेळ भांडलो. शेवटी तो "खलास, बाबा, खलास" म्हणत कपाळाला हात लावून बसला आणि दोन पोशाखांवर दोन टोप्या द्यायला तयार झाला. संपूर्ण अंदाजपत्रकात चैनीची खरेदी एवढी एकच होती. जगातल्या ज्या मोजक्या किनाऱ्यांवर कपडे चालत नाहीत, त्यातल्या एकावर जाण्यासाठी आम्ही जिदहफ्समधला सर्वांत मोठा कपडा विकत घेतला.

किनारा

इस्तंबूलला विमान बदललं, पुढे बस, मग टॅक्सी. तो सगळा कंटाळा वगळतो. टॅक्सी झाडीत शिरली आणि आम्ही चौघंही काचांना नाक लावून बसलो. बहरीनला डोळ्यांना मातकट रंगाची इतकी सवय होते की हिरवं दिसलं की आधी प्लास्टिकचं वाटतं. इथे पाइनची झाडं उतरत उतरत पाण्यात पाय सोडून बसली होती. किनारा वाळूचा नव्हे, पांढऱ्या गोट्यांचा. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड हाताला लागतील असं वाटावं.

फाटकातून आत गेलो तर समोरून सायकलवर एक म्हातारा आला. डोक्यावर गवती टोपी, पायात सँडल आणि मधे काही नाही. त्याने टोपी उचलून आम्हाला नमस्कार केला.

बावतीस हळूच म्हणाला, "तळेकर, याचं सामान विमानात राहिलेलं दिसतंय."

तेवढ्यात झाडांमागून एक बाई आणि दोन पुरुष कलिंगड घेऊन आले.

"अहो," सुलभा माझी बाही धरून म्हणाली, "सगळ्यांचंच राहिलंय?"

फिलू आधी हसली. मग तिने तोंडाला पदर लावला, मग ती बॅगेवर बसून हसली. "देवा माझ्या! भाऊजी, कुठे आणलंत?"

कुठे आणलंत, असंच ती म्हणाली. भाऊजी म्हणजे मी. हे मुद्दाम नोंदवतो.

स्वागतकक्षातली मुलगी कपड्यांत होती, त्यामुळे तिच्याशी भांडता आलं. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं, "आर यू टेक्स्टाइल?"

"नो मॅडम," मी म्हणालो. "अॅल्युमिनियम."

कपडे घालणाऱ्या माणसांना तिथे टेक्स्टाइल म्हणतात हे मला नंतर कळलं. मी तक्ता काढून दाखवला. चादरी आणि टॉवेल फ्री असल्याचं तुमच्याच पानावर लिहिलंय, असं बजावलं. तिने फार सौम्यपणे समजावून सांगितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर मोफत नव्हे, मुक्त. किनारा वस्त्रांपासून मुक्त.

"पण मग टॉवेल?"

टॉवेल मात्र सक्तीचा होता. खुर्चीवर, बाकावर, कुठेही बसायचं तर खाली आपला टॉवेल हवाच, स्वच्छतेचा नियम. म्हणजे संपूर्ण रिसॉर्टमध्ये बंधनकारक असलेला एकमेव कपडा मी बचत म्हणून घरी ठेवून आलो होतो. चार टॉवेल तिथल्याच दुकानातून घ्यावे लागले. त्यांची किंमत मी आजवर सुलभाला सांगितलेली नाही. इथेही सांगत नाही.

परत फिरावं म्हटलं तर पैसे बुडणार होते, आणि दुसरीकडे जावं तर तिप्पट. मी तिघांपुढे हिशेब मांडला. बावतीस म्हणाला, "आपण आपल्या घरात बसू, खिडकीतून समुद्र बघू." फिलू म्हणाली, "मी जन्म वॉर्डात काढला. कपड्याशिवायचं माणूस मला नवं नाही. यांना फक्त बेडपॅन द्यायचा नाही एवढाच फरक."

पहिला दिवस आम्ही पडदे ओढून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन काढला. घरात आणि दुकानात कपडे चालत होते, म्हणून फिलू गाऊन घालून पाव आणायला गेली आणि बातम्या घेऊन आली. सगळे पन्नाशी-साठीच्या पुढचे. दोघांचे गुडघे बदललेले. एकाला मणक्याचा त्रास, त्याला तिने झोपायची पद्धत शिकवली. कोणी कोणाकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी भुकेने आम्हाला बाहेर काढलं. खानावळीत कोळशावर भाजलेले छोटे मासे होते, आपल्या तारलीची सख्खी बहीण म्हणावी असे. बावतीसने काटेसुद्धा चोखले. सुलभा शाकाहारी. तिला बटाटा घालून शिजवलेली एक पालेभाजी मिळाली, लसूण आणि ऑलिव्हचं तेल घातलेली. "चाकवतासारखी आहे," ती म्हणाली, "फक्त ताक घालायला विसरलेत." अंजिरं तर झाडाखाली पडलेली होती, उचलायची आणि खायची. त्यांना तक्त्यात शून्य लिहिताना मला जे समाधान मिळालं ते सांगता येत नाही.

शेजारच्या घरात एक डच जोडपं होतं. तो गृहस्थ आयकर खात्यातून निवृत्त झालेला. मी इस्त्रीची पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून त्याच्यासमोर टॉवेलवर बसलो, आणि घसारा कसा धरावा यावर आम्ही तासभर बोललो. मी जिद्दीने त्याच्या भुवयांकडे बघत होतो. भारतात नोकरीला होतो तेव्हा आयकरवाल्यांसमोर मी वह्या छातीशी धरून बसायचो. लपवण्यासारखं काही नसलेला आयकर अधिकारी मी प्रथमच पाहत होतो.

त्याच्या बायकोने सुलभाला विचारलं, "तुम्ही बहरीनला राहता? तिथे बायका समुद्रात जातात?"

"जातात की," सुलभा म्हणाली. "अंगभर काळ्या अबायासकट जातात. मुलांना खेळवतात, ओल्या होतात, हसतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

सुलभाने माझ्याकडे बघितलं. "आमच्याकडे आमचेच लोक बघतात."

तिसऱ्या दिवशी मला हाकलण्यात आलं. मी पँट खोचून पाण्याच्या कडेला उभा होतो, हात मागे बांधून, आपण उभं राहतो तसा. पाठीमागून एक रखवालदार आला, त्याच्या गळ्यात शिट्टी होती. अतिशय अदबीने तो म्हणाला की सर, तुमच्यामुळे लोकांना अवघडल्यासारखं होतंय, आपण कृपया पलीकडे जाल का. अख्ख्या किनाऱ्यावर असभ्य दिसणारा माणूस एकच होता, आणि तो मी. मी मान खाली घालून निघालो. घराच्या खिडकीतून बावतीस ओरडला, "तळेकर, लाज सोडलीस रे!"

चौथ्या दिवशी सकाळी, किनाऱ्यावर अजून कोणी आलं नव्हतं तेव्हा, फिलूने सुलभाला हाताला धरून बाहेर काढलं. मी आणि बावतीस पाण्याकडे पाठ करून एका खडकावर बसलो. दोघी पाण्यात गेल्या. काय घालून गेल्या हे मी लिहिणार नाही. सुलभाने हे छापायला परवानगी दिली ती याच अटीवर. बहरीनचा समुद्र उन्हाळ्यात गीझर लावल्यासारखा कोमट असतो, इथलं पाणी गार होतं. पहिल्यांदा सुलभाची किंकाळी ऐकू आली. मी उठायला लागलो, तर बावतीसने खांदा दाबला.

"बस. फिलू आहे."

मग फिलूचा आवाज येत राहिला. "मान मागे टाक. टाक गं. माझा हात आहे ना खाली. आता अंग सोड. पोट वर. शाब्बास, बाय माझी. आता मी हात काढते हां."

"काढू नकोस!"

"कधीच काढलाय."

त्यानंतर सुलभा हसली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ते हसणं मी ऐकलेलं नव्हतं. पाठ वळवून ऐकलं, तरी ऐकलं. उरलेल्या दोन्ही सकाळी त्या दोघी गेल्या. शेवटच्या दिवशी सुलभा बाहेर येऊन म्हणाली, "फिलूने मला समुद्र दिला हो." मी मान डोलावली. बहरीनला परतून आठ दिवसांत मी फिलूला काय दिलं ते आता सांगतो.

परत

गणपती त्या वर्षी उशिरा होते. मंडळाच्या गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या रांगेत सगळे उभे होते. दामले म्हणून एक बँकेतले गृहस्थ आहेत, मंडळाचे चिटणीस. त्यांनी विचारलं, "काका, इतक्या स्वस्तात युरोप? नाव सांगा बरं, आम्हीही जातो."

मी अंदाजपत्रकाच्या अभिमानाने फुगून गेलो होतो. पटकन नाव सांगून बसलो. दामल्यांनी तिथल्या तिथे फोनवर शोधलं. त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी बायकोला दाखवलं. तिने शेजारणीला दाखवलं. टाळ अजून कोणीतरी वाजवत होतं, तो थांबला.

"काका," दामले म्हणाले, "हे तर..."

आणि मी म्हणालो, "बावतीसने बुक केलं होतं."

एवढंच. पण त्या वाक्यासरशी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जी सुटका दिसली, ती मी विसरलेलो नाही. कोणीतरी "हां, मग बरोबर" म्हणालं. कोणीतरी "त्यांच्यात चालतं हो" म्हणालं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शर्टाचं वरचं बटण उघडं टाकलं नाही, त्याच्यात काय चालतं हे सगळ्यांना एकदम माहीत होतं. पुरावा कोणी मागितला नाही. मी एक फिल्स इकडचा तिकडे झाला तर पावती मागणारा माणूस. माझ्याकडे कोणी पावती मागितली नाही.

बावतीस चार पावलांवर मोदकाची वाटी घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली. फिलूने पर्स उचलली.

मंडळातर्फे कामगारांच्या वस्तीत दर महिन्याला रक्तदाब तपासणी होते. ती फिलूने सुरू केली होती. पुढच्या महिन्यापासून तिला फोन गेला नाही; "बायका जरा अवघडतात" असं दामले म्हणाले. गोष्ट तिच्या चर्चपर्यंत पोहोचली. तिथे शुक्रवारच्या प्रवचनात फादर पेहरावाच्या मर्यादेवर बोलले आणि सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. शुक्रवारी आमच्याकडे कोणी जेवायला येईनासं झालं. सुलभा मात्र दर शुक्रवारी चार ताटं घेई आणि दोन परत ठेवी, माझ्यासमोर, आवाज करून.

दोन वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की लोक विसरतील. यंदा मंडळाने अदलियातल्या एका हॉटेलात 'माझा प्रवास' असा कार्यक्रम ठेवला आणि ज्येष्ठ म्हणून मला बोलायला बोलावलं. सुलभा म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी उठून सांगू?" मी जिदहफ्सला फोन केला. या, एवढंच म्हणालो. दोघं आले, मागच्या रांगेत बसले.

मी सगळं सांगितलं. तक्ता पडद्यावर दाखवला. टेक्स्टाइल फ्री, अॅल्युमिनियम, टॉवेल, रखवालदार. लोक हसले. मग म्हणालो की बावतीसचा यात काडीचा संबंध नव्हता, मी खोटं बोललो, भेकडपणे बोललो, आणि त्याची आणि फिलूवहिनींची मी सर्वांसमक्ष माफी मागतो. फार देवमाणसं आहेत ही, असंही म्हणालो.

मग दामले उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"याला म्हणतात मैत्री," ते म्हणाले. "मित्राची अब्रू वाचवायला काकांनी सगळं स्वतःवर घेतलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंनी माझ्या पाया पडून घेतलं. "काका, तक्तासुद्धा बनवून आणलात हो त्यांच्यासाठी," असं म्हणाल्या. मी "नाही, नाही, खरंच मी" म्हणत राहिलो, आणि प्रत्येक 'नाही'सरशी माझा मोठेपणा वाढत गेला. हिशेबात चुकलेली नोंद उलट नोंद करून दुरुस्त करतात. माझी उलट नोंदही बावतीसच्याच नावे पडली.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. फिलू गाडीत बसली होती.

"बावतीस, मी खरं सांगितलं."

"ऐकलं."

"कोणी मानलं नाही रे."

"मानतील कसे? देवमाणूस म्हणालास मला. त्यांना वाटलं, एवढं करून ठेवलंय तरी हा बिचारा त्याला देवमाणूस म्हणतोय." त्याने गाडीचं दार उघडलं. "तळेकर, एक उपकार कर. आणखी एकदा माझी बाजू घेतलीस तर आम्हाला बहरीन सोडून जावं लागेल."

फिलूने काच खाली केली. दोन वर्षांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"भाऊजी, तुम्हाला बोलता येत नाही. लिहा. लिहून छापा. पण त्यात यांचं कौतुक करू नका. तुम्ही कौतुक केलंत की लोकांना संशय येतो."

"आणि शुक्रवारी?"

"आधी लिहा," ती म्हणाली आणि काच वर केली.

म्हणून हे लिहिलं आहे, आणि शेवट तिच्या सांगण्याप्रमाणे करतो. बावतीस परेरा हा अत्यंत हट्टी माणूस आहे. तो पत्त्यांत लबाडी करतो, जेवताना मोठ्याने ढेकर देतो आणि घोरतो असा की लाकडी घराच्या भिंती हलतात. त्याने माझ्याकडून नेलेली छत्री अजून परत केलेली नाही. ते रिसॉर्ट मी निवडलं होतं.